ई-म्यूलची क्रेडिट: बरेच महिने सांभाळून वापरल्यानंतरचा अनुभव

ई-म्यूल हा लोकांनी आपापसांत थेट फाइली देण्या-घेण्याचा प्रोग्राम. त्यात ज्याला आपण डेटा दिला, त्याच्याकडून पुढे काही घेताना रांगेत आपला नंबर लवकर लागतो; या सवलतीला क्रेडिट म्हणतात. या क्रेडिटबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ती आपल्या कॉम्प्युटरवर साठतात. तसं नसतं. आपण ज्यांना डेटा दिला, त्यांच्याकडे आपल्या नावावर नोंद होते. म्हणजे आपली कमाई कायम दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असते. आपल्या हातात फक्त 'तो मीच' हे सिद्ध करायची सोय असते. ही एक गोष्ट डोक्यात बसली की काय जपायचं आणि काय बिनधास्त उडवायचं, हे आपोआप समजतं. हा अनुभव विंडोजवरची ई-म्यूल ०.५०ए आणि लिनक्सवरची ए-म्यूल या दोन्हींचा आहे. क्रेडिटच्या बाबतीत दोन्हींचं वागणं जवळपास सारखंच आहे.

जपायच्या फाइली तीन. 'प्रेफरन्सेस डॅट'मध्ये आपला यूजर हॅश, म्हणजे नेटवर्कवरचा आपला ओळख-क्रमांक, असतो: फाइलचा पहिला बाइट आवृत्तीचा, पुढचे १६ बाइट हॅशचे. 'क्रिप्टकी डॅट'मध्ये ३८४ बिटांची आरएसए खाजगी किल्ली, म्हणजे डिजिटल सही करायची गुप्त किल्ली, असते; तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली इतरांना सही तपासायला मिळते. तिसरी 'क्लायंट्स मेट', म्हणजे इतरांनी आपल्याला काय दिलं त्याचा हिशेब. आता गंमत अशी, की लोक जिवापाड जपतात ती ही तिसरी फाइल, कारण ती आकाराने मोठी असते आणि 'क्रेडिट' म्हणून तिचंच नाव ऐकलेलं असतं. ती उडाली तर आपलं स्वतःचं काहीही जात नाही. ज्यांनी आपल्याला डेटा दिला त्यांचं मात्र नुकसान होतं, कारण आपल्या रांगेतला त्यांचा हक्क पुसला जातो. जपायलाच हवी, पण ती सौजन्य म्हणून. स्वतःच्या कमाईसाठी पहिल्या दोन फाइली, आणि त्या दोन्ही मिळून काही किलोबाइटसुद्धा होत नाहीत.

ओळख पटवण्याची पद्धत अशी. समोरचा क्लायंट (म्हणजे दुसऱ्याचा प्रोग्राम) पहिल्या भेटीत आपला हॅश आणि सार्वजनिक किल्ली नोंदवून ठेवतो. पुढच्या प्रत्येक भेटीत तो एक आव्हान पाठवतो, आपण त्यावर खाजगी किल्लीने सही करून परत देतो, सही जुळली की क्रेडिट लागू होतात. एकदा पडताळलेली सार्वजनिक किल्ली तो बदलू देत नाही. हा नियम चांगलाच आहे, कारण हॅश सगळ्यांना दिसतो आणि किल्ली नसती तर कुणीही तो उचलून आपल्या कमाईवर डल्ला मारला असता. पण याच नियमामुळे एक विचित्र अवस्था तयार होते, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडकते.

समजा हॅश तोच राहिला, पण किल्लीची फाइल गेली. प्रोग्राम तक्रार करत नाही, गुपचूप नवी किल्ली बनवतो. वरकरणी सगळं ठीक दिसतं. पण जे जे आपल्याला आधीपासून ओळखतात त्यांच्याकडे जुनी सार्वजनिक किल्ली आहे. सही जुळत नाही, ओळख 'अयशस्वी' ठरते आणि रांगेत आपल्याला पुढे सरकवणारा क्रेडिटचा गुणक १ वर, म्हणजे शून्य फायद्यावर, अडकतो. जुनी क्रेडिट मिळत नाहीत, आणि त्याच लोकांकडे नवीनही उपयोगी पडत नाहीत. म्हणजे कोरी सुरुवात परवडली. किल्ली खरोखरच कायमची गेली असेल, बॅकअपही नसेल, तर हॅशचा मोह सोडावा: प्रोग्राम बंद करून 'प्रेफरन्सेस डॅट' आणि नवी बनलेली 'क्रिप्टकी डॅट' दोन्ही काढून टाकाव्यात आणि नव्या ओळखीने सुरू करावं. अर्धी ओळख ठेवण्यात काही अर्थ नाही. ('प्रेफरन्सेस आयएनआय' ही वेगळी फाइल आहे, तिच्यात सेटिंग असतात. तिला हात लावू नये. नावातल्या साम्यामुळे घोटाळा होतो.)

बॅकअप घ्यायची रीत साधी आहे, पण क्रम चुकवू नये. प्रोग्राम नुसता लहान न करता पूर्ण बंद करायचा, टास्क मॅनेजरमध्ये तो दिसेनासा झाला की मगच कॉपी करायची. 'क्लायंट्स मेट' चालू असताना साधारण १३ मिनिटांनी लिहिली जाते आणि बंद होताना शेवटची लिहिली जाते, म्हणून मध्येच घेतलेली प्रत जुनी किंवा अर्धवट असू शकते. पहिल्या दोन फाइली एकदाच नीट जपल्या की पुरतं. हॅश आणि किल्ली रोज बदलत नाहीत. 'क्लायंट्स मेट' मात्र आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा घ्यावी. 'क्रिप्टकी डॅट' एडिटरमध्ये उघडली तर मजकुरासारखी दिसते, म्हणून लोक ती चिकटवून मेल करतात किंवा उघडून सेव्ह करतात. तसं करू नये. फाइल जशीच्या तशी, शक्यतो झिप करून हलवावी. आणि ती खाजगी किल्ली आहे, मदत मागताना कुणालाही पाठवायची वस्तू नव्हे.

विंडोजवर या फाइली बहुधा यूजरच्या 'ॲप-डेटा', 'लोकल', 'ई-म्यूल', 'कॉन्फिग' या वाटेवर सापडतात. पण इन्स्टॉल करताना काय निवडलं त्यानुसार त्या सर्व यूजरांच्या सामाईक फोल्डरमध्ये किंवा थेट प्रोग्रामच्या फोल्डरमध्येही असू शकतात. नव्याने इन्स्टॉल केल्यावर 'सगळी क्रेडिट गेली' अशी ओरड होते, त्यातल्या बऱ्याच वेळा काहीच गेलेलं नसतं. नवा प्रोग्राम दुसऱ्याच जागी बघत असतो, तिथे काही न सापडल्याने त्याने नवी ओळख बनवलेली असते, आणि जुन्या फाइली आपल्या जागी सुखरूप पडून असतात. लिनक्सवर ए-म्यूलचं फोल्डर होममध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावाचं, म्हणजे लपलेलं असतं. माउसने सगळं निवडून कॉपी करणाऱ्यांचं नेमकं तेच राहून जातं.

मशीन बदलताना नव्या मशीनवर प्रोग्राम इन्स्टॉल करायचा, एकदा सुरू करून बंद करायचा म्हणजे फोल्डर तयार होतं, मग तिन्ही फाइली तिथे टाकून वरून लिहायच्या. या पहिल्या सुरुवातीत नेटवर्कला जोडू नये, आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवावा. नंतर सुरू केल्यावर सर्व्हरच्या खिडकीतल्या 'माझी माहिती'मध्ये हॅश बघायचा आणि जुन्या मशीनवरच्या नोंदीशी ताडायचा. इथे एक बारकावा आहे. ३२ अक्षरी हॅशमध्ये ११वं-१२वं अक्षर नेहमी ०ई आणि २९वं-३०वं नेहमी ६एफ असतं. ती ई-म्यूल कुळाची खूण आहे. त्यामुळे 'मधलं अक्षर जुळलं' यावर समाधान मानू नये, सुरुवातीची आठ-दहा अक्षरं जुळवावीत. ई-म्यूलमधून ए-म्यूलमध्ये जातानाही हेच करायचं.

जुनं आणि नवं मशीन एकाच ओळखीने एकाच वेळी चालवणं मात्र टाळावंच. एखाद्याच्या रांगेत एकच हॅश दोन ठिकाणांहून आला, तर ज्याची ओळख किल्लीने पटली आहे तो राहतो आणि दुसरा नाकारला जातो. दोघांचीही पटलेली नसेल तर दोघेही बाहेर. कॉन्फिग फोल्डर क्लाउडवर सिंक करून दोन्हीकडे वापरण्याची कल्पना सुचते, तिचा शेवट असाच होतो, वर 'क्लायंट्स मेट'च्या एकमेकींवर लिहिलेल्या प्रती मिळतात त्या वेगळ्याच.

आता ही क्रेडिट एवढी धडपड करण्याइतकी कामाची आहेत का? गुणक काढायचे मुख्य हिशेब दोन आहेत: आपण दिलेल्याची दुप्पट भागिले आपण घेतलेलं, आणि दिलेले एमबी अधिक २ यांचं वर्गमूळ. दोन्हींतला लहान आकडा लागू होतो, तोही १ ते १० या मर्यादेत. १ एमबीपेक्षा कमी दिलं असेल तर काहीच नाही. एखाद्याला ९८ एमबी दिले आणि त्याच्याकडून काही घेतलं नाही, तर गुणक थेट १०. मग त्याच्याकडून घ्यायला लागलो की १९.६ एमबीपर्यंत १० टिकतो, ५० एमबीला ३.९२ होतो, १०० ला १.९६, आणि १९६ एमबीला पुन्हा १ वर येतो. म्हणजे क्रेडिट ही साठवून मिरवायची चीज नाही, वापरली की झिजते. ५०० एमबी देऊनही गुणक १० च्या वर जात नाही, पण तो जास्त काळ टिकतो.

रांगेतला गुण म्हणजे थांबलेले सेकंद गुणिले हा गुणक गुणिले फाइलचं प्राधान्य (नॉर्मलला ०.७, हायला ०.९, रिलीजला १.८). नॉर्मल फाइलसाठी तासभर थांबलं तर २५२०. गुणक १० असेल तर त्याच तासाचे २५,२००, म्हणजे इतरांचे दहा तास. रोज हजारो लोक वाटत असलेल्या फाइलीसाठी याचा फरक कळतही नाही. तीच दोन माणसं पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यताच कमी. पण दुर्मीळ विषयाच्या फाइली, जिथे जगभरात मोजके लोक तेच ते साहित्य फिरवत असतात, तिथे महिन्याभरानंतर रांगेतला क्रमांक ज्या वेगाने खाली येतो तो डोळ्यांनी दिसतो. आमच्या मते या सगळ्या यंत्रणेचं खरं मोल तिथेच आहे. समोरच्याने प्रोग्राम बंद करून सुरू केला तर त्याची रांग पुसली जाते, आपलं थांबणं वाया जातं, पण क्रेडिट डिस्कवर असल्याने राहतात. दुर्मीळ फाइलवाले लोक मशीन सतत चालू ठेवत नाहीत, म्हणून हा मुद्दा लहान नाही.

मुदत मात्र आहे. १५० दिवस ज्याची भेट झाली नाही त्याची नोंद समोरचा प्रोग्राम पुढच्या वेळी सुरू होताना गाळून टाकतो. नुसतं ऑनलाइन राहून ही मुदत वाढत नाही, त्या माणसाशी प्रत्यक्ष संपर्क व्हावा लागतो. पाच महिने लांब राहिलात तर बॅकअप कितीही चोख असो, परत आल्यावर बरीच पाटी कोरी असणार.

आयपी बदलला, पोर्ट बदललं, टोपणनाव बदललं, लो आयडी (बाहेरून थेट जोडणी होऊ शकत नसल्याची खूण) मिळाला, तरी क्रेडिटला धक्का लागत नाही. कॅडच्या, म्हणजे सर्व्हरशिवाय चालणाऱ्या नेटवर्कच्या, फाइली उडाल्या तरी नाही. कॅडची ओळख वेगळी असते. 'नोन मेट' (शेअर केलेल्या फाइलींची नोंद) गेली तर त्या फाइलींचे ठसे, म्हणजे फाइलींचे हॅश, पुन्हा काढावे लागतील एवढंच. यूजर हॅश बदलला तर मात्र क्रेडिटबरोबर आणखी एक गोष्ट जाते: ज्यांनी आपल्याला मित्रयादीत टाकून राखीव जागा दिली होती, त्यांच्यासाठी आपण अनोळखी होतो.

'क्लायंट्स मेट' खराब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेली डिस्क किंवा लिहिता लिहिता गेलेली वीज. शेजारी 'बॅक' शेपटीची प्रत असते, आणि ती मूळ फाइलपेक्षा मोठी असेल तर प्रोग्राम तिच्यावर लिहीत नाही, ही शहाणी सोय आहे. प्रोग्राम बंद करून खराब फाइल बाजूला ठेवायची, प्रतीची शेपटी काढायची आणि सुरू करायचं.

तक्रार एकच, पण मोठी. आपली कमाई किती, हे दाखवणारी जागा कुठेच नाही, आणि रचनाच अशी की असूही शकत नाही. आकडेवारीच्या पानावरचं एकूण अपलोड म्हणजे क्रेडिट नव्हे. क्लायंटच्या तपशिलात दिसणारा गुणक त्याचा आपल्याकडचा असतो, आपला त्याच्याकडचा नव्हे. त्यामुळे फाइली हलवल्यावर सगळं नीट झालं की नाही हे दोनच गोष्टींवरून ताडता येतं: हॅश जुळतो का, आणि ओळखीच्या स्रोतांकडे रांगेतला क्रमांक पूर्वीसारखा भराभर उतरतो का. दुसरी गोष्ट कळायला एक-दोन दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर जुन्या मशीनवरच्या फाइली पुसू नयेत.