पोलादासाठी १० पीपीआयचा झिर्कोनिया फोम फिल्टर: खोक्यावरचा आकडा पुरेसा नाही

गाळप संपून साखर कारखान्यांची दुरुस्ती निघाली की सोलापूर भागात पोलादी ओतकामाला घाई असते. क्राऊन पिनियनच्या (उसाच्या गिरणीचे रोलर फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातात स्लॅग (वितळलेल्या धातूतला मळ) निघाला तर अख्खा नग भंगारात. त्यासाठी साच्यात बसवून पोलादाच्या रसातला (वितळलेल्या धातूतला) मळ अडवणारा, ७५ × ७५ × २५ मि.मी.चा, १० पीपीआयचा (दर इंचाला १० छिद्रांचा) हा फिल्टर जरूर घ्यावा, पण खोक्यावर छापलेली दाबताकद पाहून नव्हे.

ती ताकद थंड फिल्टरची असते. पॉलियुरेथेनचा स्पंज झिर्कोनियाच्या घोळात बुडवून, पिळून, भाजतात. स्पंज जळतो आणि जाळीची प्रत्येक काडी आतून पोकळ राहते. थंडपणी ती टणक लागते. १६०० अंशांना मात्र कणांमधली सिलिकायुक्त काच मऊ पडते आणि काडी वाकू लागते. म्हणून पुरवठादाराकडून गरम अवस्थेतली वाकताकद लेखी मागावी, ती किती अंशांना मोजली तेही. सिलिकाचं प्रमाण विचारायला विसरू नये.

सिलिकॉन कार्बाइडचा फिल्टर स्वस्त पडतो, पण तो बिडासाठी (कास्ट आयर्नसाठी), साधारण १५०० अंशांपर्यंत. पोलादात तो झिजून विरघळतो आणि कार्बन-सिलिकॉन वाढवतो.

खरी कसोटी पहिल्या क्षणांची. उन्हाळ्यात ४० अंशांवर असलेल्या फिल्टरवर एकदम १६०० अंशांचा रस येतो. रस थंड असेल तर छिद्रांतच गोठतो, मागे दाब वाढतो आणि फिल्टर फुटतो. लॅडल (रस ओतायचं भांडं) नीट तापवावं, धार तुटू देऊ नये. स्प्रूची (रस साच्यात उतरणाऱ्या उभ्या वाटेची) धार थेट फिल्टरवर पडता कामा नये. फिल्टर रनरमध्ये (साच्यातल्या आडव्या वाटेत) बसवावा. चारही कडांना ५-६ मि.मी. टेकू हवा. प्रिंट (साच्यातली फिल्टरची खाच) घट्ट झाला तर साचा मिटताना कडा चुरतात, सैल राहिला तर रस बाजूने निसटतो. फिल्टरचं उघडं क्षेत्रफळ चोकच्या (रसाच्या वाटेतल्या सर्वांत अरुंद भागाच्या) किमान चौपट ठेवावं.

या मालाचा एकच दोष: कडांचा चुरा. बसवण्याआधी हलक्या हवेने झटकावा, नाहीतर तोच कास्टिंगमध्ये जातो. त्यासाठी एक गुण कापून पाचापैकी चार.

साचा फोडल्यावर फिल्टरसकट रनर मधोमध कापून पाहावा. फिल्टर सपाट असेल तर त्याच लॉटची पुढची खोकी घ्यायला हरकत नाही. प्रवाहाच्या दिशेने पोट सुटलेलं दिसलं आणि रसाचं तापमान ठरल्याप्रमाणे होतं, तर लॉट परत करावा.