टाटाच्या जुन्या सहा सिलिंडर कमिन्सचं हेड: कळंबोलीच्या बाजारात काय घ्यावं

कळंबोलीत स्टील मार्केटच्या आजूबाजूला टाटा २५१५सारख्या जुन्या दहाचाकी ट्रकच्या ‘सिक्स बीटी’ इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह आणि नोझल बसणारं झाकण) मागितलं, की काउंटरवरून लगेच विचारतात, “कंपनीचं, लोकल की रिकंडिशन?” त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, सात मिलिमीटरचा की नऊचा? कमिन्सच्या या ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात दोन्ही प्रकार आले. नऊ मिलिमीटरचा नोझल सातच्या भोकात जाणारच नाही, त्यामुळे ती चूक दुकानातच कळते. उलटी चूक महाग पडते. सातचा नोझल नऊच्या भोकात आरामात उतरतो, पण टोकाभोवती जागा राहते, तिथे कार्बन साचतो, वॉशर नीट बसत नाही आणि थोड्याच दिवसांत कॉम्प्रेशन नोझलच्या बाजूने वर मारायला लागतं. म्हणून जुनं हेड आणि त्यातला एक नोझल टेम्पोत टाकूनच बाजारात जा. हेड पन्नास किलोच्या पुढे जातं, तेव्हा माणसं दोन लागतील. गिअर हाउसिंगवरच्या डेटा प्लेटचा फोटोही सोबत ठेवा. त्यावरच्या सीपीएल (कंट्रोल पार्ट्स लिस्ट) नंबरवरून कंपनीच्या डीलरकडे नेमका पार्ट नंबर निघतो. ‘सगळ्यांना एकच बसतं’ या बोलीवर जाऊ नका.

कंपनीच्या हेडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कास्टिंग चांगलं, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) आणि गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) मापात, बॉक्समधून काढून धुतलं की चढवायचं. अडचण फक्त किमतीची. गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची असेल आणि जेएनपीटी ते पुणे भरलेल्या कंटेनरचं काम असेल, तर हा पैसा वाया जात नाही. बोरघाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिन जितकं तापतं, तितकं सपाटीवर दिवसभरात तापत नाही, आणि हेड तडकतं ते अशाच ताणात.

खरी निवड करावी लागते लोकल नव्या हेडमध्ये. इथे एकाच मेकचे दोन नगसुद्धा सारखे निघत नाहीत. हेड काउंटरवर उलटं ठेवायला लावा आणि दोन व्हॉल्व्हच्या मधला, नोझलच्या भोकाजवळचा अरुंद भाग नीट बघा. सिक्स बीटीचं हेड तडकलं तर बहुतेक वेळा इथेच. नख फिरवलं तर कटरच्या रेषा सारख्या लागायला हव्यात. कुठे बारीक खड्डा, वाळूचा कण निघून गेल्यासारखं भोक किंवा पुटी भरल्यासारखा गुळगुळीत ठिपका दिसला, तर तो नग बाजूला ठेवायला सांगा.

मग डेप्थ गेज लावून व्हॉल्व्ह किती आत बसलाय ते मोजा. या इंजिनात व्हॉल्व्हचं तोंड हेडच्या फेसपासून, म्हणजे खालच्या सपाट पृष्ठभागापासून, ०.९९ ते १.५२ मिलिमीटर आत असायला हवं. त्याहून कमी आत असेल तर पिस्टनला भिडायची भीती, जास्त आत असेल तर कॉम्प्रेशन कमी आणि सकाळी पांढरा धूर. बाराही व्हॉल्व्ह मोजा, पहिला आणि शेवटचा मोजून समाधान मानू नका. व्हॉल्व्ह घालून तयार मिळणाऱ्या लोकल हेडमध्ये हीच मोठी खोट आढळते: सीट घाईत कापलेल्या, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) नावापुरतं. त्यामुळे आमचा कौल उघड्या, म्हणजे व्हॉल्व्ह न घातलेल्या हेडला. व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि स्टेम सील चांगल्या मेकचे वेगळे घ्या आणि सीट तुर्भे किंवा तळोजा एमआयडीसीतल्या भरवशाच्या मशीन शॉपमध्ये कापून घ्या. कारागिराला आधीच सांगा, इनटेकची सीट ३० अंशांची आणि एक्झॉस्टची ४५ची. सवयीने सगळ्याच ४५ने कापणारे भेटतात.

या हेडमध्ये इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नसतो, त्याचा कप्पा कास्टिंगमध्येच असतो आणि वर फक्त प्लेट येते. त्या कप्प्यात राहिलेली वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. नवं हेड असलं तरी प्लेट लावण्याआधी आतून ब्रशने घासून, हवा मारून स्वच्छ करा.

रिकंडिशन हेडवर आमचा सरसकट राग नाही. स्वतःच्याच गाडीचं हेड असेल, तडा नसेल, नुसतं वाकलं असेल, तर फेसिंग करून (खालचा फेस मशीनवर घासून सपाट करून) चालवावं. बाजारातलं अनोळखी रिकंडिशन मात्र ताज्या काळ्या रंगात येतं, आणि त्या रंगाखाली वेल्डिंग आहे की नाही हे देवालाच ठाऊक. रंग काढून डाय टेस्ट (तडा दाखवणाऱ्या रंगद्रव्याची चाचणी) करायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये. प्रेशर टेस्टही समोर करून घ्या: पाण्याचे मार्ग बंद करून साधारण ४० पीएसआय हवा आणि ६० अंशांच्या गरम पाण्यात बुडवलेलं हेड. थंड पाण्यात केलेली टेस्ट फसवते. लोखंड तापून पसरलं की मगच बारीक तडा तोंड उघडतो. थर्मोस्टॅटच्या जागेभोवती धातू कुरतडल्यासारखा दिसत असेल, तर ते हेड वर्षानुवर्षं बोअरवेलच्या पाण्यावर चाललंय असं समजा.

फेसिंगला मर्यादा आहे, कारण त्यातून तीन गोष्टी एकदम बिघडतात. अर्धा मिलिमीटर घासलं की व्हॉल्व्ह तेवढाच फेसजवळ येतो, सीट पुन्हा खोल कापाव्या लागतात, आणि नोझलचं टोकही अर्धा मिलिमीटर जास्त बाहेर येतं. मग डिझेलचा फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो आणि गाडी काळा धूर मारते. नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरची जाडी बदलून हे सावरता येतं, मात्र जुन्या वॉशरवर नवा वॉशर चढवायचा नाही. नोझलचा नट ६० न्यूटन-मीटरला आवळा.

हेड चढवताना ब्लॉकचा फेसही स्ट्रेट एजने तपासा. या इंजिनात लायनर (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या) नाहीत, सिलिंडरचा बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे, त्यामुळे ब्लॉक घासावा लागला तर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) जाड घ्यावं लागतं. ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर जादा जाडीचे गॅस्केट मिळतात. हेडचे २६ बोल्ट जुने वापरायचे असतील तर लांबी गेजवर तपासा. ताणून लांबलेला बोल्ट फेकून द्या. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली इंजिन ऑइल लावा, मधून बाहेर या क्रमाने सगळे ९० न्यूटन-मीटर, मग फक्त लांब सहा १२०, आणि शेवटी प्रत्येकाला ९० अंशांचा फेरा. फेऱ्याआधी रंगाची खूण करा, नाहीतर कोणाला दिला नि कोणाला नाही यावरून मिस्त्री आणि हेल्पर दोघे भांडत बसतील. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनावर: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक गॅरेजात आहेत. सिक्स बीटीत उलटं होतं. थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासमधूनच परत पंपाकडे जातं आणि इंजिन जास्त तापतं. जुनं हेड गेलं ते रेडिएटर, पंप की पंख्याच्या पट्ट्यामुळे, हे शोधल्याशिवाय नवं चढवलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर हेड देणारे बरेच आहेत, आणि कास्टिंगमध्ये पाणी झिरपलं की ती चिठ्ठी कोणी ओळखत नाही. बिलावर मेक, नोझलचं माप आणि ‘उघडं’ की ‘व्हॉल्व्हसह’ हे लिहून घ्या. घेतलेल्या हेडवर दुकानातच पंचाने खूण करा. बदलून द्यायची वेळ आली तर “हे आमचं नाहीच” हे ऐकावं लागणार नाही.