वाढत्या मुलीची खोली आणि लकडगंजातील फर्निचर कारखाना

मुलांच्या खोलीचे फर्निचर करून देणारे नागपुरात पुष्कळ आहेत. वर्धा मार्गावरील काचेच्या शोरूमपासून घरी येऊन काम करणाऱ्या मिस्त्रीपर्यंत हवा तो पर्याय मिळतो. आमची मुलगी यंदा सातवीत गेली. तिची लहानपणीची खोली बदलण्याचे काम आम्ही लकडगंजच्या लाकूडबाजारातील एका जुन्या कारखान्याकडे दिले. त्यांच्याशी एक तक्रार अजून मिटायची असल्यामुळे नाव येथे देत नाही. मत मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते: लाकडातले आणि आपल्या हवेतले या लोकांना इतके कळते की त्यासाठी त्यांच्याकडे जरूर जावे, मापाची आणि तारखेची जबाबदारी मात्र आपणच उचलावी.

कारखान्याचे मालक घरी आले तेव्हा त्यांनी टेप काढण्याआधी बरीच विचारपूस केली. मुलगी या खोलीत साधारण कधीपर्यंत राहणार, उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीला लागतो, दुपारनंतरचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, हे सगळे त्यांना आधी हवे होते. बारावीपर्यंतचा हिशेब धरून त्यांनी सुचवले की पलंग आणि कपाट आताच मोठ्या माणसाच्या मापाचे करावे, टेबल आणि पुस्तकांची मांडणी पुढे बदलता येईल अशी ठेवावी, आणि मुलीची आवडनिवड रंगात, पडद्यात व चादरीत येऊ द्यावी. मुलीला कपाटाची दारे जांभळी हवी होती. त्यावर ते तिलाच म्हणाले, "बेटा, पडदा दोन वर्षांनी बदलशील तर आई काही म्हणणार नाही. सनमायका बदलायची तर दार उतरवून परत कारखान्यात न्यावं लागतं." दारे फिकट लाकडी रंगाची झाली आणि पलंगामागची एकच भिंत जांभळी झाली. ज्याला सनमायका विकायची आहे त्याच माणसाने हा सल्ला द्यावा, हे मला विशेष वाटले.

खरी हुशारी दिसली ती कूलरच्या बाबतीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मार्चअखेरीपासून पाऊस येईपर्यंत खिडकीतला कूलर जवळजवळ अखंड चालतो. म्हणजे ज्या दिवसांत बाहेरची हवा सर्वांत कोरडी असते, त्याच दिवसांत खिडकीशेजारचे फर्निचर ओल्या हवेच्या झोतात उभे असते. तयार मिळणारी स्वस्त मुलांची कपाटे बहुधा पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असतात आणि त्यांच्या कडांवरची पट्टी जरा सुटली की ओल थेट भुशात शिरते. कारखान्याच्या गल्ल्याशेजारी स्टीलच्या पातेल्यात अशा बोर्डाचा एक तुकडा कायम भिजत ठेवलेला असतो. तो मी हातात घेऊन पाहिला, तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगून कडेने सुटत होता. शेजारी त्याच पाण्यातला प्लायचा तुकडा होता, त्याच्या थरांना काही झालेले नव्हते. ही दुकानदारीची युक्ती आहे हे उघड आहे, पण ती खोटी नाही.

त्यांनी सगळीकडे एकच महाग माल लावा असेही म्हटले नाही. कूलरच्या बाजूचे कपाट आणि पलंगाचा सांगाडा १८ मिलिमीटरच्या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणाऱ्या प्लायमध्ये केला. दूरच्या भिंतीवरील पुस्तकांच्या फळ्यांना साधा एमआर, म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा प्लाय पुरेसा आहे, असे त्यांनीच सांगितले. आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय, म्हणजे सतत ओल्या राहणाऱ्या जागेसाठीचा सर्वांत टिकाऊ प्लाय, झोपण्याच्या खोलीत लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे, हे त्यांचे मत मलाही पटले. प्रत्येक शीटवरचा आयएसआय शिक्का आणि दर्जा कापण्याआधी पाहून घ्यावा. एकदा सनमायका चढली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पश्चिमेची भिंत तापते आणि पावसाळ्यात ओलही धरते म्हणून कपाट तिच्यापासून बोटभर पुढे ठेवले. मागच्या बाजूला वाळवीचे औषध मारले आणि वरून दोन लोखंडी पट्ट्यांनी कपाट भिंतीला बांधले. मूल खणांवर पाय देऊन चढते तेव्हा उंच कपाट पुढे कलंडू शकते, हे ध्यानात घेणारे सुतार मला तरी कमीच भेटले आहेत.

मुलीचा सर्वांत मोठा हट्ट दुमजली पलंगाचा होता. मालकांनी पंख्याच्या पात्यापर्यंतची उंची मोजली आणि सरळ नकार दिला. वरच्या पलंगावर बसून हात उंचावला तर तो पात्यांना लागेल इतकेच अंतर उरत होते. गिऱ्हाईक मोठे काम मागत असताना नाही म्हणणाऱ्याबद्दल माझा आदर वाढला. मग सव्वासहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पलंग ठरला. गादीसकट वर उचलायची पेटी नको, ती मुलीला एकटीने उचलता येणार नाही, म्हणून खाली बाजूने ओढायचे दोन खण दिले. आता तिचे कपडे आणि चित्रकलेचे सामान ती स्वतः काढते व ठेवते. खोली आवरण्याबद्दलची आमच्या घरातील बोलणी त्यामुळे निम्म्यावर आली आहेत.

अभ्यासाच्या टेबलाने मात्र मनस्ताप दिला. मुलगी पावणेपाच फुटांची आहे. या उंचीच्या मुलांना साधारण २५ ते २८ इंच उंचीचे टेबल लागते आणि खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकावे लागतात. मी २७ इंच लिहून दिले होते. टेबल आले ते ३० इंचांचे, कारण कारखान्यात सगळी टेबले त्याच मापाची निघतात. ती बसून लिहू लागली की खांदे कानांपर्यंत चढत. "मोठी होईल तेव्हा बरोबर होईल," हे उत्तर मला मान्य नव्हते. पुष्कळ वाद झाल्यावर त्यांनी चारही पाय तीन इंचांनी कापले; कापलेले ठोकळे बोल्टने पुन्हा जोडता येतील अशी भोके मारून दिली, आणि ते ठोकळे आता पलंगाच्या खणात पिशवीत ठेवलेले आहेत. उपाय चांगला निघाला, पण तो भांडून मिळाला. तुम्ही गेलात तर टेबलाचे माप पावतीवर लिहून सही घ्या.

तारखेचे तर विचारूच नका. विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस सुरू होतात, तेवढी सवड हातात असूनही कपाटाची दारे शाळा सुरू झाल्यावर लागली. फोन केला की मिस्त्रीचे एकच उत्तर, "मॅडम, टेन्शन मत लो, परसों पक्का." तोवर गणवेश खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. त्यात नव्या प्लायचा आणि चिकटद्रव्याचा वास डोळ्यांना झोंबत होता. म्हणून तो ओसरेपर्यंत खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून मुलीला आम्ही आमच्याच खोलीत झोपवले. असे काम एप्रिलमध्ये सुरू करून मे महिन्यात संपवून घेता आले तर वास उडून जायला उन्हाळाच मदत करतो.

एकूण खर्च रंगासह सव्वा लाखाच्या आसपास गेला. तो तयार फर्निचरपेक्षा बराच अधिक आणि शोरूमच्या अंदाजपत्रकापेक्षा कमी होता. दहा टक्के रक्कम काम पुरे होईपर्यंत द्यायची नाही असे आधीच ठरवून घेतले होते, आणि त्याचा उपयोग झाला. पावसाळ्यात कपाटाचे एक दार खाली लोंबू लागले तेव्हा मिस्त्री निरोप मिळताच आला, बिजागरीचे स्क्रू फिरवून दार सरळ करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातली सनमायका आणतानाच टवका उडून आली होती. ती बदलून देण्याचे मान्य करूनही अजून दिलेली नाही, आणि ती दहा टक्के रक्कमही अजून आमच्याकडेच आहे.