न टोचता साखर सांगणारे घड्याळ आणि माझे बुडालेले ११,३९८

बोट न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ घ्यायचे ज्यांनी जवळजवळ ठरवले आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावे. घड्याळाचे ८,९९९ आणि त्याच्या ॲपवरील वार्षिक ‘अहवाल सेवे’चे २,३९९ असे माझे एकूण ११,३९८ बुडाले. जाहिरातीचे वर्णन करण्यात अर्थ नाही; पांढरा कोट घातलेला माणूस, अर्ध्या किमतीची सवलत आणि खाली पळणारे सेकंद हा सरंजाम सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि तो मलाही परिचयाचा होता.

परंतु माझी आई इन्सुलिनवर आहे. वारंवार टोचून तिच्या बोटांची टोके इतकी हुळहुळी झाली होती की बटण लावतानाही ती कळवळायची. ‘आता टोचायचे नाही’ या आश्वासनाने अशा घरात काय होते, हे बाहेरच्यांना कळणार नाही. शिवाय दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर आज सर्रास वापरात आहेत आणि काही घड्याळे हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितताही टिपतात; तेव्हा साखर मोजणारे घड्याळही आले असेल, असे मानणाऱ्याला भाबडा ठरवणे फार सोपे आहे. दंडावरच्या सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. घड्याळाचा हिरवा प्रकाश मात्र नाडीपुरता उपयोगी आहे, कारण प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालचे रक्त कमीजास्त होते. साखरेची खूण प्रकाशात इतकी क्षीण असते की पाणी, घाम, तापमान आणि त्वचेचा रंग यांच्या गोंधळात ती हरवून जाते. हे सगळे मला नंतर समजले.

खरी शंका यायला हवी होती ती ॲप सुरू करताना. त्याने वय, वजन आणि जेवणाच्या वेळा विचारल्या, आणि त्यानंतर ‘शेवटची साखर किती होती?’ असे विचारले. जे मोजण्यासाठी घड्याळ घेतले, तेच ते मला विचारत होते! मी ११८ लिहिले आणि त्यानंतर आकडे आले ते १०९, ११४, १२१, ११६ असे, त्याच ११८ भोवती घुटमळणारे. मला ते खटकले नाही, याचेही कारण आहे. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या ‘ग्लुकोवॉच’ या मनगटी यंत्राला बोट टोचून आलेला आकडा आधी द्यावाच लागे, आणि त्वचेखाली तंतू जाणाऱ्या सुरुवातीच्या सेन्सरांनाही तो लागत असे. म्हणजे मी अज्ञानामुळे नव्हे, तर थोडेफार वाचलेले असल्यामुळे फसलो.

एका दुपारी आईला दरदरून घाम फुटला आणि तिचे हात कापू लागले. “अरे, मला काहीतरी होतंय,” ती म्हणाली. घड्याळ ११२ दाखवत होते. जुन्या ग्लुकोमीटरची पट्टी लावली, तर ५४! साखर ७० च्या खाली गेली की ताबडतोब गोड द्यावे लागते. घड्याळावर विसंबून मी थांबलो असतो तर काय झाले असते, हे लिहवत नाही. ग्लुकोज घेऊन ती सावरल्यावर मी ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधले. हिरवा प्रकाश लुकलुकला आणि टॉवेलची साखर ११५ आली. तुमच्याकडे असे घड्याळ आधीच आले असेल, तर हा प्रयोग आजच करून पाहा.

विक्रेत्याने ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे सांगून हात झटकले. पैसे भरले त्या बँकेचे म्हणणे असे की व्यवहार मी स्वतःच मंजूर केला होता. पोलिसांच्या मते वस्तू हातात मिळाली असल्याने ही फसवणूक नव्हे, ग्राहक तक्रार आहे. ग्राहक कक्षातील गृहस्थांनी घड्याळ चालू होते का, असे विचारले, आणि मी होय म्हणताच, “मग दोष काय लिहू?” असा प्रतिप्रश्न केला. सर्वांवर ताण केली ती वैद्यकीय उपकरणांच्या कार्यालयाने. उपकरण नोंदणीकृत असेल तरच त्याविरुद्धची तक्रार घेता येते, असे उत्तर तेथून आले. म्हणजे उपकरण खोटे आहे, म्हणूनच ते त्यांच्या कक्षेबाहेर! स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. त्याची प्रत मी अर्जाला जोडली, तर ‘ही सूचना या कार्यालयाची नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला आणि तक्रार ‘निकाली’ निघाली.

दंडावरच्या सेन्सरचे आकडे फक्त दाखवणारे घड्याळ वेगळे असते. त्याच्याशी याची गल्लत करू नका. मनगटावरच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा कधीही बदलू नका. आणि पैसे भरण्यापूर्वी जाहिरातीचे पान तारखेसह जपून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर विक्रेत्याने ‘अचूक रक्तशर्करा’ हे शब्द काढून तेथे ‘केवळ आरोग्यविषयक मार्गदर्शनासाठी’ असे लिहिले आहे, आणि आधीचे पान दाखवा असे मला आता प्रत्येक खिडकीवर सांगितले जाते.