‘पर्यंत’ या शब्दाने मला गंडवलं

घरच्या इंटरनेटच्या करारावर ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ (एमबीपीएस म्हणजे वेग मोजायचं एकक) असं छापलं होतं. मी १०० वाचलं, ‘पर्यंत’कडे लक्षच गेलं नाही. जोडणीला आलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता राउटरला थेट केबल लावून कंपनीच्याच सर्व्हरवर स्पीड टेस्ट केली. काटा ९४ वर गेला. त्याने स्क्रीनचा फोटो काढला, त्याखाली माझी सही घेतली. एकरकमी भरले तर दोन महिने फुकट म्हणाला, म्हणून मी वर्षाचे पैसेही भरून मोकळा झालो.

त्याच रात्री नऊला काटा ६ वर.

आठवड्याभराने मुलीची ऑनलाइन मुलाखत होती. बोलता बोलता समोरच्या बाईंचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजला, आवाज डब्यातून आल्यासारखा, मग नुसतं गोल चक्र. मुलगी कॅमेऱ्याकडे बघून उगाच हसत राहिली.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, ‘पर्यंत’ लिहिलंय ना? सहा शंभरच्या आतच आहे.” यावर काय बोलणार? चूक तर काहीच नव्हती. कनेक्शन बंद केलं तर पैसे परत नाहीत, हेही करारात होतं.

एकच लाइन अनेक घरांत वाटलेली असते. रात्री सगळे एकदम बसले की वेग ढासळतो. तशी वाटणी सगळीकडेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण किती घरांत वाटली हे सांगायचं नाही, आणि चाचणी मुद्दाम सामसूम असताना, कंपनीच्याच सर्व्हरवर घ्यायची, ही लबाडी.

चिडून वाचायला बसलो. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे घरगुती ब्रॉडबँडच्या करारात किमान, एरवी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला, असे चारही वेग लिहावे लागतात. जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून वेग वारंवार फार कमी पडला, तर ग्राहक त्या प्रमाणात बिल कापू शकतो किंवा करार मोडू शकतो. मोजमाप सरकारी नियामकाच्या साधनाने, ३ वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० चाचण्या. (मी ३०० केल्या असत्या.) फिनलंडने तर जुलै २०१० पासूनच १ एमबीपीएसची जोडणी हा नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. एक म्हणजे आज काहीच नाही, पण त्याच्याआधी ‘किमान’ हा शब्द होता. माझ्या आठ पानी करारात तो एकदाही नव्हता.

तेव्हा सही करण्याआधी किमान वेग लेखी मागा. देत नसतील तर महिन्याचेच पैसे भरा आणि रात्री नऊला, केबल लावून, बाहेरच्या सर्व्हरवर स्वतः मोजा. वायफायवर मोजलंत की दोष तुमच्या भिंतींवर ढकलतात.

माझ्या शेवटच्या तक्रारीला कंपनीने उत्तरादाखल तो फोटोच पाठवला. ९४. खाली माझी सही.