रिपीटरसाठी जुना मोटोरोला जीएम ३००: घ्यावा का?

घ्यावा, पण फ्रिक्वेन्सीचा पट्टा पाहून. रिपीटर म्हणजे एका सेटवर ऐकलेला संदेश त्याच क्षणी दुसऱ्या सेटवरून पुन्हा पाठवणारं केंद्र; जीएम ३०० हा गाडीतला वायरलेस सेट. व्हीएचएफ जीएम ३०० दोन पट्ट्यांत येतो: १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ. आपला, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, २ मीटर बँड १४४ ते १४६. म्हणजे १४६ ते १७४ वाला सेट स्वस्त मिळाला तरी नको.

मागचा १६ पिनांचा कनेक्टर हीच खरी कमाई. ३ वर पीटीटी (बोलण्याचं बटण), ७ वर ग्राउंड, ११ वर रिसीव्हरचा आवाज, ८ वर स्क्वेल्चचा संकेत (सिग्नल आलाय का ते सांगणारा). दोन सेट जोडून चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी सेट उघडून डाग द्यावे लागत नाहीत. पिना वाकलेल्या असतील तर भाव पाडून मागा.

ट्रान्समीटरसाठी ४५ वॅटचा सेट घेऊन २० वॅटवर चालवा, हीटसिंकवर पंखा हवाच. हा गाडीत अधूनमधून बोलण्यासाठीचा सेट. पूर्ण पॉवरवर तासभर गप्पा रंगल्या की फायनल (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) उडतो. विकत घेतानाच डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) पीटीटी १० मिनिटं दाबून धरा आणि वॅटमीटरचा काटा घसरतो का पाहा.

त्रासदायक भाग प्रोग्रामिंगचा: सॉफ्टवेअर डॉसचं, वेगवान संगणकावर रुसतं. आणि ऐकण्याच्या व पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या ६०० किलोहर्ट्झच्या अंतराला गाडीतला छोटा डुप्लेक्सर (दोन्ही सेट एकाच अँटेनावर चालवणारा फिल्टर) चालत नाही, मोठ्या कॅव्हिटीच (धातूच्या डब्यांचे फिल्टर) लागतात. त्यांचा खर्च दोन्ही सेटांपेक्षा जास्त.