'विजेशिवाय कमळाचं टाकं' विकत घेण्याआधी

गच्चीवर प्लग पॉइंट नाही, तरी कमळ-कुमुदिनीचं (कुमुदिनी म्हणजे वॉटर लिली) छोटं टाकं हवंय, अशा माणसांना हेरून 'सोलर पॉन्ड सेट' गळ्यात मारणारे झाडांच्या प्रदर्शनांत उभे असतात. पुण्यात अशाच एका स्टॉलवाल्यानं माझ्याकडून ६,५०० रुपये घेतले. ७० लिटरचा टब, बॅटरीवालं सोलर कारंजं, निळ्या कमळाच्या बिया, 'स्पेशल' माती, ऑक्सिजन देणारी वनस्पती आणि गोल्डफिश. टब सोडला तर एकही वस्तू सांगितल्यासारखी निघाली नाही.

कारंजं रात्रीही चालतं, असं तो छातीठोकपणे सांगत होता. प्रत्यक्षात ढग आला की बंद. उघडून पाहिलं तर पॅनलच्या तारा थेट पंपाला जोडलेल्या, बॅटरीचा पत्ताच नाही. तेव्हा स्टॉलवरच चालू कारंज्याच्या पॅनलवर जाड कापड टाकून बघा. पाणी लगेच बसलं तर बॅटरी नाही किंवा ती निकामी आहे. यात मासे नाहक मरतात. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि नेमका तेव्हा हा पंप झोपलेला. एवढ्याशा टबात गोल्डफिश विकणं हाच मुळात क्रूरपणा आहे. माझ्याकडचे पहाटे वर येऊन तोंड उघडायचे, आणि एकेक करून गेले.

बियांची फसवणूक तर उघडउघड आहे. खऱ्या कमळात निळा रंग नसतोच. गुलाबी, पांढरा आणि अमेरिकेतल्या जातीत पिवळा. निळी असते ती कुमुदिनी, आणि तिचं बी अगदी बारीक. पाकिटावर निळं फूल आणि आत वाटाण्याएवढ्या बिया दिसल्या, तर तिथूनच मागे फिरा. कमळाचं बी दगडासारखं कठीण असतं, एक टोक घासून कोमट पाण्यात ठेवलं की काही दिवसांत कोंब येतो. या बियांचा मात्र चिखल झाला. कंद किंवा कुंडीत फुललेलं रोप डोळ्यांनी पाहूनच घ्यावं.

'स्पेशल' माती म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत. कोकोपीट तरंगलं, खतानं पाणी हिरवं केलं. घट्ट काळी माती आणि वर वाळूचा थर, एवढंच लागतं.

आणि ती ऑक्सिजनची वनस्पती? जलपर्णी! आपल्या मुळा-मुठेचा श्वास कोंडणारी तीच. कुणी दिलीच तर नाल्यात टाकू नका, पूर्ण वाळवून मग खतात घाला.

मला सगळ्यात संताप याचा येतो की अशा टाक्याला पंप लागतच नाही. दिवसाला पाच-सहा तास ऊन, एक कुमुदिनी, थोडी हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) आणि डासांच्या अळ्या खायला चार गप्पी मासे. गप्पी बऱ्याच ठिकाणी महापालिकेचा आरोग्य विभाग फुकट देतो. "पंप नसेल तर पाणी सडणार" ही भीती घालूनच तो महागडा सेट खपवला जातो.

बिल मागितलं तेव्हा "जीएसटी वर लागेल" म्हणून त्यानं टाळलं, आता फोनही उचलत नाही. पैसे यूपीआयनं दिले होते, म्हणून निदान व्यवहाराची नोंद आहे. ती आणि पॅनलचे फोटो घेऊन मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडूनही असेच पैसे घेतले असतील तर तुम्हीही नोंदवा, आणि पाकिटं फेकू नका.